सोन्याची काळजी करू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं खुशाल आहोत. थंडी, डबा, ऑफिस नेहमीचंच.

आई, आमच्या पोराला, सोन्याला, लाडावून ठेवलंय, शहापूरला महिनाभर आण म्हणजे सुधारेल, असं तू म्हणालीस. तसं नाही गं. कान-डोळे तपासले, चांगले आहेत. पण मिक्सरचा आवाज त्याला खरोखर सोसत नाही, शर्टाचं लेबल मानेला लागलं की रडून लाल होतो. आणि जड गोधडी अंगावर टाकली की लगेच शांत. कान, कातडी, सांधे यांच्याकडून येणाऱ्या जाणिवांचा मेळ त्याच्या मेंदूला सहज घालता येत नाही, इतकंच. बाबा, मी काही लपवत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थेरपी चालू आहे: झोके, चढणं, जड पिशवी ओढणं. जर्मनीत मुलांची ही थेरपी विम्यात बसते, तेव्हा खर्चाचा घोर नको.

इथला रविवार मात्र तुम्हाला सांगायलाच हवा. दुकानं बंद, ते ठीक. पण भिंतीला ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं यंत्र काढायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात टाकतात, त्याही रविवारी टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो! कधी टाकायच्या त्या वेळा डब्यावरच लिहिलेल्या. मला हे अती वाटायचं. पण त्या दिवशी सोन्या कानावर हात न ठेवता दुपारभर खेळतो, आणि मला तुमची फार आठवण येते.

गणपतीला आलो नाही, मनाला लागून राहिलंय. टिळकांनी 1905 साली सुरू केलेला बेळगावच्या झेंडा चौकातला गणपती त्याला दाखवायचाय, पण सकाळी, ढोल नसताना.

धाकट्याच्या लग्नाला नक्की येतो. कार्यालयाचे पैसे पुढच्या आठवड्यात पाठवते, बाबांनी सोसायटीचं कर्ज काढायचं नाही. मागच्या बाजूची एक खोली तेवढी आमच्यासाठी धरून ठेवा. अक्षता सोन्याच्या अंगावर पडू देऊ नका, आणि गाल ओढू नका म्हणून मावशीला आधीच सांग. करवलीचा मान मी घेईन, पण वरातीत थांबता येणार नाही, बँड लागायच्या आत त्याला घेऊन घरी येईन. आई, रागावू नकोस. निपाणीच्या पाहुण्यांनी विचारलं तर त्याला आवाज सोसत नाही असंच सांग, मुलगा आजारी आहे म्हणू नकोस.

तुमची लेक