स्टेअरिंग आवळण्याआधी ढिलाई कुठे आहे ते बघा

माननीय संपादक,

महापे-शिळफाटा रस्त्यावर पाण्याचा टँकर ओढणारा एखादा जुना ट्रॅक्टर पुढे असला की बघा, ड्रायव्हर सरळ रस्त्यावर पण स्टेअरिंग सारखं इकडे तिकडे हलवत असतो. लोकांना वाटतं हाताची सवय असेल. सवय वगैरे काही नाही, स्टेअरिंगला प्ले आलाय, म्हणजे ते थोडं फिरवलं तरी चाकं वळत नाहीत, आणि तो तसंच धकवतोय. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चा नियम 98 सांगतो की हा प्ले 30 डिग्रीच्या वर नको, म्हणजे घड्याळात बारा ते एक एवढाच. आमच्या जुन्या मॅसी 1035 ट्रॅक्टरचा बारा ते तीन होता, दुसऱ्याला काय बोलणार!

आम्ही घणसोलीचे, इथली शेती कधीच सिडकोत गेली, ट्रॅक्टर मुरबाडला मामांकडे भातावर चालतो. तिकडच्या गॅरेजवाल्याने काय केलं तर स्टेअरिंग बॉक्सच्या (स्टेअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटी) शिमा, म्हणजे कव्हरखालच्या पातळ पट्ट्या, काढून कव्हर आवळलं, झालं काम. स्टेअरिंग जड झालं पण प्ले तेवढाच राहिला, कारण शिम काढून फक्त स्टेअरिंगच्या शाफ्टचं वरखाली जाणं थांबतं, आतले बॉल आणि नट झिजलेत ते थोडेच भरून येणार? पुढच्या वेळी म्हणाला बॉक्स टाकून द्या, पॉवर स्टेअरिंग लावा.

मग मी आणि भाच्याने रविवारी स्वतःच बसून बघितलं. तो वर स्टेअरिंग थोडं थोडं हलवत होता आणि मी खाली एकेका जॉइंटवर हात ठेवून, कुठे रॉड हलतो पण पुढचा आर्म हलत नाही ते बघत होतो. ह्या ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) असते, चारही बॉल जॉइंट खडखडत होते, रबरी टोप्या गायब आणि आत चिखलणीचा चिखल. नंतर एक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं तर किंगपिनचे (ज्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) बुश, म्हणजे पिनभोवतीच्या नळ्या, पण गेलेले. निम्म्याहून जास्त ढिलाई बॉक्सच्या बाहेरच निघाली!

बुश रबाळे एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून करून घेतले. नवीन बुश ठोकल्यावर रीमर (भोक मापात तासायचं हत्यार) फिरवावाच लागतो, नाहीतर पिन जाम होते, हे तिथे कळलं. बॉक्स पण खोलला. रॉकर शाफ्टचे (बॉक्समधून बाहेर येऊन लिंकचा आर्म हलवणारा दांडा) बुश झिजलेले होते म्हणून दरवेळी नवीन ऑइल सील लावूनही गळत होतं, शाफ्टच डुलत असेल तर सील बिचारं काय करणार. आणि गळतंय म्हणून कोणीतरी आत ग्रीस भरलेलं, ते बाजूला सरकून बसतं, बॉल कोरडेच फिरतात. बुश, सील, बॉल नवीन घातले आणि 90 नंबर गिअर ऑइल भरलं.

शेवटी लिंक जोडायच्या आधी स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून किती फेरे होतात ते मोजले, बरोबर अर्ध्यावर ठेवलं आणि मग दोन्ही लिंक सेट केल्या. आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकने एकच लिंक आखूड केली होती, म्हणून चाकं सरळ असताना बॉक्स मधोमध नव्हताच.

सगळा खर्च पॉवर स्टेअरिंगच्या कोटेशनच्या चौथाईत बसला. चिखलणी सुरू व्हायच्या आधी हे छापलंत तर बरं होईल, एकदा ट्रॅक्टर शेतात उतरला की कोणी एक्सल उचलून बघत नाही.

आपला,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई