सह्या देणाऱ्यांचे आभार

सप्टेंबर 2023, महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. आंबील-कढी वाढणं चालू असतानाच मोबाइलवर बातमी आली : हांगझोच्या आशियाई स्पर्धेसाठी निवडलेल्या अरुणाचलच्या तीन वुशू (चिनी युद्धकला) खेळाडूंना चीननं येऊ दिलं नाही. बाकीचा संघ गेला, या तिघी राहिल्या. जुलैतही त्यांना पासपोर्टवर शिक्का न मारता सुटा कागद टाचून व्हिसा दिला होता. अरुणाचल आपलाच, असा चीनचा दावा, म्हणून हा सुटा कागद. भारतानं तो मानला नाही आणि चीनमधल्याच चेंगडूची विद्यापीठ स्पर्धा बुडाली.

आमच्या कबड्डीच्या पोरींनी विचारलं, "सर, आपण काहीच नाही करायचं का?" मग या तिघींच्या बाजूनं दिल्लीला पत्रं पाठवायची ठरवली आणि बाजाराच्या दिवशी त्यांवर सह्या गोळा केल्या.

झेरॉक्सवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत. कपाशीतून थेट आलेल्या एका आजीनं "वुशू म्हंजे का व बाई?" असं विचारलं आणि समजल्यावर अंगठा दिला, वरून सुनेलाही बोलावलं. एकानं मात्र "अरुणाचलशी तुमचं का लेनंदेनं?" म्हणून हटकलं. त्याला उत्तर मी दिलं नाही, पानठेल्यावरच्या पोरांनी दिलं! गठ्ठा अमरावतीला पोचवणाऱ्या एसटीच्या कंडक्टर ताई, तुमचं नावही विचारायचं राहिलं. 1936 मध्ये ज्या शहरातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिनला कबड्डी दाखवायला गेली, तिथूनच आमची पत्रं दिल्लीला गेली.

उत्तर आलं नाही. त्या तिघींची स्पर्धाही हुकलीच. तरी तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमच्या अंगठ्याची शाई माझ्या वहीला लागली, ती अजून तशीच आहे.