गाडीचा इसार घेतलाय

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण फोन आला की बाबा, तुम्ही ‘आईशी बोल’ म्हणून तो तिच्याकडे देता. म्हणून लिहितेय. आपल्या सोळा-तेरा ट्रकचा सौदा ठरलाय, 2,80,000 ला. कागलचा माणूस आहे, ऊस भरतो. इसाराचे 25,000 घेतलेत. तुम्हाला न विचारता घेतले, हे खरंच. विचारलं असतं तर ‘सुगी होऊ दे, बघू’ म्हणाला असता आणि गाडीची तिसरी दिवाळी चिंचेखालीच गेली असती.

नुसत्या उभ्या गाडीचा थर्ड पार्टी विमा 35,313, वर जीएसटी. एफसी, म्हणजे फिटनेसचा दाखला, दरवर्षी. टॅक्स वेगळा. भंगारवाला किलोवर मागत होता, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. पावसाळ्यात हौद्याच्या फळीवर अळंबी उगवली तेव्हा आई हसली, तुम्ही मात्र उठून आत गेलात. चोर्ला घाटातल्या त्या रात्रीनंतर तुम्ही स्टिअरिंगवर बसणं नको, आणि दुसऱ्या कुणी गिअर टाकला की तुमच्या पोटात दुखतं. मग करायचं काय, सांगा.

पैसे तुमच्या दोघांच्या नावावर एफडीत. त्यातूनच न्हाणीला गीझर बसवू, म्हणजे आईला पहाटे चुलीपुढं फुंकत बसायला नको. संडासात कमोड पण. गुडघ्यांसाठी हं, म्हातारे झालात म्हणून नव्हे.

म्हापशाला भाजी घेऊन जाताना मी तुमच्या सीटमागं झोपायचे. भाकरीच्या फडक्याचा आणि कोथिंबिरीचा वास एकच होऊन जायचा. घाट उतरताना तुम्ही माझा हात गिअरच्या मुठीवर ठेवायचा आणि वर तुमचा. मला वाटायचं, गाडी मीच उतरवतेय.

आता मुकाट्यानं ऐका. गाडी त्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करायची, पण कोऱ्यावर नाही. सगळी रक्कम खात्यात पडल्याशिवाय आरसी हातात द्यायची नाही, समोरचा कितीही पाव्हणा निघू दे. गाडी राज्याबाहेर चाललीय, म्हणून फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते. आरटीओत मी येते बरोबर. कर्ज कधीच फिटलं, पण बोजा आरसीवर तसाच आहे. बँकेचं पत्र मी आणलंय. ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहून घ्या. फास्टॅग बंद करा. अण्णाकाकांच्या टेम्पोचं काय झालं ते विसरला नसाल. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सांगितलंय. आई, तू तिथंच बस, यांना चहाच्या नादात सही करू देऊ नकोस. आणि यल्लम्माचा फोटो आधी उतरवून देवघरात ठेव.

एक गंमत सांगू? एमएच-09 होणार तिची. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत इतकी वर्षं गेलात, आणि महाराष्ट्रात आधी पोचणार गाडी! हसा हो जरा.

शनिवारी रात्री येते. शुगरची गोळी जेवणाआधी, विसरायची नाही.

आणि बाबा, गणपतीत गिअरची मूठ गेली, पोरांनी चोरली म्हणून तुम्ही गल्ली डोक्यावर घेतली होती ना? ती मी काढली. आकडे सगळे झिजलेत तिच्यावरचे. पुण्यात माझ्या टेबलावर आहे. कागलवाल्याला नवी बसवून देईन.

तुमची,
बाळी