हॉपर मोठा म्हणजे रोबो चांगला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शालेय रोबोटिक्स स्पर्धांच्या बातम्यांत आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक वाक्य हमखास आढळते: ‘या रोबोमध्ये इतके इतके चेंडू मावतात.’ विश्वस्त हेच विचारतात, पालक हेच विचारतात, पैसे देणारे प्रायोजकही हेच विचारतात. परिणाम असा की मुले हॉपर, म्हणजे चेंडू साठवायची पेटी, आधी आखतात आणि उरलेल्या जागेत शूटर, म्हणजे चेंडू फेकणारी यंत्रणा, कसाबसा कोंबतात. मुंबईतल्या संघांनी हा क्रम उलटा करावा यासाठी हे पत्र.

काही खेळांत साठ्याचा आकडा नियमपुस्तकच ठरवून देते. ‘फर्स्ट’ या संस्थेच्या शालेय रोबोटिक्स स्पर्धांत दरवर्षी नवा खेळ असतो. त्यांतल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये 2012 साली एका वेळी तीनच चेंडू बाळगता येत, 2020 साली पाच, 2022 साली दोन. फर्स्ट टेक चॅलेंजच्या 2025-26 च्या ‘डिकोड’ खेळात मर्यादा तीनची. इथे जागा मर्यादेइतकीच ठेवावी, एका चेंडूचीही जास्त नको. जागा शिल्लक असली की गडबडीत चौथा चेंडू आत येतो आणि दंड बसतो. आत येण्याच्या तोंडाशी एक आणि बाहेर जाण्याच्या तोंडाशी एक असे दोन बीम सेन्सर (चेंडूने प्रकाशझोत अडवला की नोंद करणारे) लावून मोजणी ठेवावी आणि मर्यादा गाठताच इनटेकचा, म्हणजे चेंडू आत ओढणाऱ्या यंत्रणेचा, रोलर आपोआप उलटा फिरावा. चालकाच्या नजरेवर ही मोजणी सोडू नये, त्याला रोबोच्या पोटात काय आहे ते दिसत नसते.

खरा पेच मर्यादा नसलेल्या खेळांत येतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचा 2017 चा खेळ तसा होता, भोकाभोकांच्या पोकळ प्लॅस्टिक चेंडूंचा. 2026 चा ‘रीबिल्ट’ही तसाच, 15 सेंटिमीटर व्यासाच्या फोमच्या चेंडूंचा. ‘जितके जास्त तितके चांगले’ हा मोह इथे होतो. त्यावर उपाय म्हणजे हॉपरचे एकही चित्र काढण्याआधी तीन कालावधी मोजणे: रिकाम्या जाण्या-येण्याला आणि नेम धरायला लागणारे सेकंद, एक चेंडू उचलायला लागणारे सेकंद आणि एक चेंडू फेकायला लागणारे सेकंद.

समजा जाणे-येणे आणि नेम मिळून 10 सेकंद, उचलायला चेंडूमागे अर्धा सेकंद आणि फेकायला पाव सेकंद. म्हणजे दर चेंडूमागे पाऊण सेकंद. पाच चेंडूंची एक फेरी पावणेचौदा सेकंदांची, मिनिटाला सुमारे 22 चेंडू. दहांच्या फेरीत मिनिटाला 34, विसांच्या फेरीत 48, चाळिसांच्या फेरीत 60. आणि 80 चेंडूंची पेटी बांधली तर? फक्त 69. हॉपर कितीही मोठा केला तरी हा रोबो मिनिटाला 80 च्या वर जाऊच शकत नाही, कारण दर चेंडू पाऊण सेकंद घेतोच.

यातून एक सोपा हिशेब निघतो. प्रवासाच्या सेकंदांना दर चेंडूच्या सेकंदांनी भागा. इथे 10 भागिले 0.75, म्हणजे साधारण 13. इतक्या साठ्याला रोबो आपल्या कमाल वेगाच्या निम्म्यावर येतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे 40, साठ्याला पाऊण वेगावर. पहिल्या आकड्याच्या खाली राहिलात तर प्रत्येक वाढीव चेंडूचा मोबदला चांगला मिळतो. म्हणूनच मर्यादा असलेल्या खेळात मर्यादा पूर्ण भरून निघणेच शहाणपणाचे. तिपटीच्या वर गेलात तर वजन आणि अडकण्याची शक्यता वाढते, गुण मात्र थेंबाथेंबाने.

आता त्याच रोबोचा शूटर संथ करून पाहा, सेकंदाला एकच चेंडू. दर चेंडूमागे दीड सेकंद झाला. चाळीस चेंडूंचा हॉपर असूनही मिनिटाला सुमारे 34 चेंडूच जातात. वेगवान शूटरचा वीस चेंडूंचा रोबो 48 घालत होता. पेटीत भर घालण्यावर खर्च होणारे आठवडे शूटरच्या फ्लायव्हीलला, म्हणजे चेंडू भिरकावणाऱ्या चाकाला, का द्यावेत, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. प्रत्येक फेकीनंतर फ्लायव्हीलचा वेग पडतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत पुढचा चेंडू दिला तर तो आखूड पडतो. चाकाची जडता वाढवा किंवा मोटार बदला, पण आधी हे दुरुस्त करा.

‘रीबिल्ट’मध्ये याला आणखी एक मेख आहे. मधल्या टप्प्यात 25-25 सेकंदांच्या चार पाळ्या असतात आणि दोन्ही बाजूंचे हब, म्हणजे चेंडू टाकायचे गोल, आळीपाळीने चालू-बंद होतात. बंद हबमध्ये टाकलेल्या चेंडूला गुण नाही. म्हणून हब बंद असताना गोळा करायचे, उघडताच सोडायचे. जागेवर पोहोचून नेम धरण्यात तीन सेकंद गेले असे धरले तर उरले 22. सेकंदाला एक सोडणारा रोबो त्या पाळीत 22 चेंडूंपेक्षा जास्त टाकू शकत नाही. त्याच्या पेटीतला तेविसावा चेंडू नुसते ओझे आहे. सेकंदाला चार सोडणाऱ्याची सैद्धांतिक मजल 88 ची, पण बंद पाळीत सेकंदाला दोन या गतीने वीस सेकंद उचलले तरी हाती लागतात 40. ते दहा सेकंदांत संपतात आणि जवळपासच्या आणखी एका छोट्या फेरीला वेळ उरतो. म्हणजे साठ्याचा आकडा दोन मर्यादांपैकी लहान मर्यादेने ठरतो: बंद पाळीत किती मिळतील आणि उघड्या पाळीत किती सुटतील. मैदानावरचे चेंडू सहा रोबोंत वाटले जातात हेही विसरू नये.

आकडा ठरला की मगच पेटीचा आकार. 15 सेंटिमीटरच्या चेंडूचे घनफळ सुमारे 1.77 लिटर. पेटीत ओतलेले चेंडू सगळी जागा भरत नाहीत. लहान पेटीत भिंतींमुळे निम्मी जागा रिकामीच राहते असे धरून चालावे. म्हणजे चेंडूमागे साडेतीन लिटर. चाळीस चेंडूंना सुमारे 141 लिटर, म्हणजे आतून 60 बाय 60 बाय 40 सेंटिमीटरची पेटी. एवढी पेटी बॅटरी, शूटर आणि चाकांच्या मोटारी सांभाळून बसते का, हे पुठ्ठ्याचा सांगाडा करून पाहावे. या चेंडूचे वजन साधारण 200 ग्रॅम, चाळिसांचे आठ किलो, आणि तेही वरच्या भागात. उंचवट्यावरून जाताना किंवा जोरात वळताना रोबो झोलतो तो यामुळे. चालकांचा सराव भरलेल्या हॉपरने घ्यायला हवा, रिकाम्याने घेतलेला सराव फसवा असतो.

जाळीच्या किंवा कापडी भिंती वजनाला हलक्या, पण भरल्यावर फुगतात आणि ठरलेल्या हद्दीबाहेर जातात. आडवा दोर किंवा पातळ ॲल्युमिनियमची पट्टी लावली की फुगवटा आटोक्यात राहतो.

सगळ्यात जास्त सामने हातचे जातात ते पेटी लहान असल्यामुळे नव्हे, चेंडू अडकल्यामुळे. पिठाच्या गिरणीत गिरणीवाला मधूनमधून हॉपरवर ठोकतो ना, तीच गोष्ट: तोंडाशी दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि खालचा प्रवाह थांबतो. रोबोत दाण्याऐवजी फोमचे चेंडू, एकमेकांना घट्ट चिकटून राहणारे. दोन्ही बाजूंनी सारखा उतार असलेले नरसाळे हा यातला सर्वांत वाईट आकार. दोन चेंडू एकाच क्षणी तोंडाशी येतात आणि दोघेही आत जात नाहीत. तोंड मध्यभागी न ठेवता एका कडेला घ्यावे. एक भिंत स्थिर आणि समोरची फिरत्या बेल्टची ठेवावी, किंवा दोन्हीकडचे रोलर वेगवेगळ्या गतीने फिरवावेत, म्हणजे एक चेंडू दुसऱ्याच्या आधी ओढला जाईल. तळात फिरणारी तबकडी हा आणखी एक चांगला मार्ग. तिच्यावर मध्यापासून हटून लावलेली एखादी रबरी पट्टी ढवळण्याचे काम करते. नुसत्या उतारावर विसंबू नये. एकटा चेंडू जरा उतार मिळाला की घरंगळतो, ढीग मात्र जागचा हलत नाही.

पेटीतून शूटरकडे जाणाऱ्या एकेरी वाटेत वेगळीच अडचण असते. एका बाजूला बेल्ट आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पत्रा असेल तर चेंडू गरगरत पुढे सरकतो, बेल्टच्या निम्म्या वेगाने. सगळे चेंडू एकाच दिशेने फिरत असल्यामुळे दोन चेंडू जिथे टेकतात तिथे त्यांचे पृष्ठभाग उलट दिशांना घासतात, एकमेकांवर चढतात आणि मोटार अडून बसते. उपाय दोन. दोन्ही बाजूंना बेल्ट लावा, म्हणजे चेंडू न फिरता बेल्टच्याच वेगाने सरकेल. किंवा आत येतानाच सेन्सरच्या मदतीने दोन चेंडूंत बोटभर अंतर ठेवा. शेवटचा चेंडू फ्लायव्हीलला टेकता कामा नये; चाक वेग घेत असताना तो टेकला तर वेगही चढत नाही आणि चेंडूही नको तेव्हा सुटतो. त्यासाठी चाकाच्या अलीकडे एक थांबा आणि तिथे वेगळी मोटार ठेवावी. मोटारी वाढल्या की वीजही तितकीच लागते. इनटेक, तळाचा बेल्ट, शूटरला चेंडू पुरवणारा फीडर, फ्लायव्हील आणि चाके एकदम जोर करू लागली की 12 व्होल्टच्या बॅटरीचा दाब कोसळतो आणि रोबो क्षणभर बधिर होतो.

चाचणीसाठी महागडे सुटे भाग लागत नाहीत. बेअरिंग, बेल्ट, शाफ्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतात, सेन्सर आणि तारा लॅमिंग्टन रोडला, आणि पहिला हॉपर प्लायवूड व पुठ्ठ्याचा पुरतो. काटकसर चेंडूंत मात्र करू नये. खेळण्यांच्या दुकानातले गुळगुळीत प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन चाचणी केली तर काहीच अडकत नाही, कारण ते एकमेकांवरून घसरतात. स्पर्धेतला फोम घसरत नाही. खऱ्या चेंडूंतही नवे आणि वापरलेले मिसळून घ्यावेत. नवा चेंडू ताठ, जुना मऊ आणि कधी कडेने फाटलेला. दहा-बारा चेंडूंचे व्यास कॅलिपरने मोजून सर्वांत मोठ्या चेंडूला वाट पुरते का आणि सर्वांत लहानाला रोलरची पकड मिळते का, हे दोन्ही पाहावे.

मग पेटी काठोकाठ भरून ती पूर्ण रिकामी होईपर्यंत फेकत राहावे. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंतचे सेकंद मोबाइलवर चित्रित करून मोजावेत, आणि कोपऱ्यात किती चेंडू अडून राहिले तेही मोजावे. जे सुटले तोच खरा साठा. फलकावर लिहायचा आकडा असेल तर हा लिहावा, आणि बातमीदारांनीही हाच विचारावा ही आपल्याला विनंती. शेजारी मिनिटाला किती चेंडू गोलात जातात तोही आकडा छापला तर मुलांचे श्रम योग्य जागी लागतील.

मुंबईपुरती एक अडचण राहते ती जागेची. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचे मैदान साधारण 16 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. एवढे सभागृह आपल्याकडे फार थोड्या शाळांत आहे. अर्ध्या जागेत सराव केला की प्रवासाचे सेकंद कमी दिसतात, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे हॉपर गरजेपेक्षा लहान ठरतो. ते सेकंद दुप्पट करूनही खरा आकडा मिळत नाही, कारण वेग घेण्यात आणि थांबण्यात जाणारा वेळ अंतराबरोबर वाढत नाही. सुटीच्या दिवशी शाळेच्या लांब व्हरांड्यात किंवा बास्केटबॉलच्या मैदानावर खऱ्या अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढून रोबो भरलेला आणि रिकामा, दोन्ही प्रकारे दहा-दहा वेळा पळवावा आणि सरासरी घ्यावी. फक्त हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे, ओल्या फरशीवर चाके घसरतात आणि आकडे बिघडतात.

आपले,
शालेय रोबोटिक्स संघांचे काही मार्गदर्शक,
मुंबई