आबांची हळद

मेलबर्न, ६ जानेवारी

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आबांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं हे दादाच्या फोनवरून कळलं. त्याच फोनवर त्यानं विचारलं, हळद शिजली हे आबा नेमकं कशावरून ठरवायचे? यंदा तो पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय चुलवाण पेटवणार. आबांची वही होती ती फक्त देण्याघेण्याची. हळदीचं काही त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही, म्हणून जेवढं आठवतंय तेवढं लिहिते. दादाला वाचून दाखव आणि कागद जपून ठेव. नात मोठी झाली की तिलाही आजोबा समजायला हवेत.

सुरुवात बेण्यापासून करते, कारण आबांचं वर्ष अक्षय्य तृतीयेला सुरू व्हायचं. एकराला दहा क्विंटल जेठे गड्डे, म्हणजे मूळचे मातृकंद, लागायचे. एकेक गड्डा पन्नास-साठ ग्रॅमचा, मुळ्या काढून साफ केलेला, डोळे फुगलेले. बेण्याचा ढीग आंब्याखाली सावलीत आणि वर वाळला पाला. रोज संध्याकाळी ते ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे. आत ऊब लागली की त्याच वेळी ढीग मोडून पसरायचे, कारण कोंडलेलं बेणं आतून कुजतं आणि वरून काही कळत नाही. ओढ्याकडच्या तुकड्यात त्यांनी कधी हळद केली नाही. तिथं पाणी तुंबतं, कंदकूज येते, पानं कडेनं वाळत जातात आणि खोड ओढलं की अलगद हातात येतं. दादा, त्या तुकड्याचा मोह धरू नकोस.

अडीच-तीन महिन्यांनी भरणी, म्हणजे झाडांच्या बुडाशी माती ओढून लावणं. भरणी झाल्यावरही आबा पावसात खोळ घेऊन, हातात खुरपं घेऊन सरीसरीनं फिरायचे आणि जिथं गड्डा उघडा दिसेल तिथं माती ओढायचे. उघड्या गड्ड्यावर कंदमाशी अंडी घालते. अळी आत शिरली की तिच्या मागोमाग कूज येते. एवढ्या कामाला गडी लावता आला असता, पण गडी उघडा गड्डा ओलांडून जातो असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंच होतं.

काढणीच्या आधी पंधरा दिवस पाणी बंद. मग पाला जमिनीपासून इंचभर ठेवून कापायचा. पाला टाकायचा नाही, काहिलीवर, म्हणजे हळद शिजवायच्या मोठ्या कढईवर, झाकायला लागतो.

आता शिजवणं. जेठे गड्डे आणि हळकुंडं कधीच एकत्र घालायची नाहीत. गड्डा जाड, त्याला वेळ जास्त लागतो. एकत्र घातलं तर एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं गळतं. काढणीनंतर चार-पाच दिवसांत शिजवून मोकळं व्हायचं. आई, तुझ्या हाताखाली आठ-दहा बायका निवडायला असायच्या ना, ती घाई याच्यासाठीच होती. काहिलीत हळद भरली की ती बुडून वर दोन-तीन बोटं पाणी राहील एवढं घालायचं, त्यावर पाला आणि पाल्यावर ओली पोती. जाळ सगळीकडून सारखा हवा. एका बाजूला लागला तर तिकडची हळद आधी शिजते आणि तुम्ही फसता. काहिलीला अडीच-तीन तास लागतात. शेवटची काही वर्षं आबांनी वाफेचा कुकर भाड्यानं आणला, त्यात अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. सरपण वाचतं, हळद सारखी शिजते, रंगही चांगला राहतो. कुकरच आण, काहिलीचा हट्ट नको. आबांनीही तो सोडला होता.

पण पारख दोन्हीकडं एकच. आधी फेस येतो. मग वास बदलतो, कच्च्या मातकट वासाच्या जागी घरभर ओळखू येतो तो पिकल्या हळदीचा वास सुटतो. फेस-वासावर विसंबायचं नाही. आबा सदऱ्याच्या खिशात तुरीची काडी तासून ठेवायचे. वरचं एक, मधलं एक आणि तळाचं एक अशी तीन हळकुंडं काढायची आणि टोकाकडून काडी घालायची. न अडता गेली पाहिजे. मग हळकुंड मोडून बघायचं. आत सगळीकडं एकसारखा पिवळा रंग हवा. मधोमध फिकट गाभा दिसला की पुन्हा पाच मिनिटं. कच्ची राहिली तर वाळल्यावर ठिसूळ होते आणि कीड लवकर लागते. जास्त शिजली तर रंग उतरतो. दादा, तिन्ही हळकुंडं बघायची. घाईत वरचंच बघितलं जातं आणि तळाची हळद फसवते.

वाळवण ताडपत्रीवर, थर दोन-अडीच इंचांचा. दिवसातून दोन-तीनदा हलवायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं. दव पडलं की डाग पडतात. दहा ते पंधरा दिवसांत वाळते. वाळलेलं हळकुंड मोडताना टणकन आवाज येतो. शंभर किलो ओल्या हळदीची वीस-बावीस किलो सुकी उतरते, म्हणून ओल्या ढिगाकडं बघून कुणाला पैशाचा शब्द द्यायचा नाही. पॉलिशला ड्रम आहेच. रंग लावायचा नाही, कुणी काही म्हणो. त्या पिवळ्या रंगात शिसं असतं, ते लोकांच्या पोटात जातं. आबांनी भाव कमी घेतला पण रंग लावला नाही.

आधी ते सांगलीजवळच्या हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, पोती ठेवायचे. तोंड माणूस उतरेल एवढंच आणि पोट कोठीएवढं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. वारा जाऊ द्यायचा, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर खाली कुणी जायचं नाही. वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, आणि आबांनी तेव्हापासून पेवात हळद ठेवली नाही. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आपली पोती उंचावरच्या गोदामात होती.

सगळी हळद मार्चमध्ये त्यांनी कधीच विकली नाही. दहा पोती जूनसाठी राखलेली असायची. शाळेची फी, वह्या, रेनकोट, सगळं त्या दहा पोत्यांत बसवायचे. मार्चमध्ये भाव कितीही चढला तरी त्या पोत्यांना हात लावायचा नाही. अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, झाली की भडंगाचा पुडा घेऊन यायचे आणि पट्टी आधी तुझ्या हातात द्यायचे. तू वाचून डब्यात ठेवल्यावरच पाय धुवायला जायचे.

दर हंगामात निवडताना लेकुरवाळी, म्हणजे फाटे फुटलेली, हळकुंडं ते वेगळी काढायचे, फाटे न मोडता. ती वेगळी शिजवायची, वेगळी वाळवायची आणि विकायची नाहीत. गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की त्यातली पाच जायची. कोनाड्यातल्या डब्यात अजून असतील. नातीच्या नावानं काढलेली कुठली ते तुला माहीत आहे.

एक राहिलं. आबांचा शेवटच्या हंगामातला सदरा तू ठेवला आहेस असं वहिनी म्हणाली. बाहीवर हळदीचे डाग आहेत तो. त्याला साबण लावू नकोस, साबणानं डाग लाल होतात. आणि वास घालवायला म्हणून उन्हात टाकू नकोस. तू त्यांचे हळदीचे कपडे मुद्दाम उन्हात वाळत घालायचीस, कारण उन्हानं हळद उडते. हा सदरा सावलीतच ठेव, पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून.

दादाला सांग, पहिला घाणा उतरला की फोन कर.

तुझी लेक