पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री अपघात विभागात माझ्या धाकट्या भावाच्या स्ट्रेचरभोवती सहा-सात जणांची झुंबड होती. एक जण डोक्याशी मान धरून, दोघे छातीशी, एक सिस्टर दंडात सुई घालतेय, दुसरी मोठ्या कात्रीने पँट कापतेय. तुम्ही तेवढ्या पायथ्याशी, हाताची घडी घालून. मी दारातून ओरडलो होतो, "अहो, त्या नुसत्या उभ्या काय राहिल्यात? त्याचा पाय बघा ना कुणीतरी!" तुम्ही मान वळवली नाहीत. खरं तर माफी मागायला हे पत्र लिहायला घेतलं होतं.

तो पाय बघवत नव्हता हो. गुडघ्याखाली वाकलेला, पाऊल भलतीकडेच फिरलेलं. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. आणि तुम्ही विचारत होतात, "श्वास दोन्हीकडे जातोय का?" डावीकडे जात नव्हता. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती. तिथून सुटलेली हवा छातीत कोंडून फुप्फुस आणि हृदय, दोन्ही दाबत होती. एक्स-रेची वाट न बघता तुम्ही नळी घालायला लावलीत. ती आत गेली तेव्हा फुस्स असा आवाज झाला, तो मी दारात ऐकला. पाठोपाठ रक्त आलं. थोड्या वेळाने त्याच्या ओठांचा निळेपणा उतरायला लागला.

चौथ्या दिवशी आयसीयूबाहेर तुमच्या एका ज्युनिअर डॉक्टरने मला समजावलं. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव, मग मेंदू, मग बाकीचं अंग. जे सर्वांत आधी जीव घेईल ते आधी. आणि पायाकडे दुर्लक्ष झालंच नव्हतं. मी ओरडत होतो तेव्हा एकाने पावलाची नाडी बघून फळी बांधूनही टाकली होती. सगळ्यांचे हात गुंतलेले असताना एकाने हात मोकळे ठेवून सगळं बघायचं, क्रम चुकू द्यायचा नाही, हेच तुमचं काम होतं म्हणे.

हा क्रम कुठून आला ते मी नंतर वाचलं. 1976 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिशल्यविशारदाचं छोटं विमान कोसळलं. तोच ते चालवत होता. बायको जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली, आणि जवळच्या छोट्या इस्पितळात अशा जखमींचं आधी काय करायचं हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. त्या संतापातून 1978 मध्ये डॉक्टरांना हा क्रम शिकवणारा पहिला प्रशिक्षणवर्ग उभा राहिला. एका बापाच्या रागातून आलेल्या शिस्तीवर मी त्या रात्री रागावत होतो.

मध्येच तुम्ही बाहेर आलात. "अपघात किती वाजता झाला? अंदाज नको, वेळ सांगा." मला वाटलं, पोलिसांच्या कागदासाठी. वैतागून मी मोबाइल पुढे केला. रस्त्यावरच्या एका भल्या माणसाचा फोन मला 9 वाजून 40 मिनिटांनी आला होता. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि आत ओरडून इंजेक्शन द्यायला सांगितलंत. ट्रॅनेक्सामिक ॲसिड. रक्ताची धरलेली गाठ विरघळू न देणारं हे औषध पहिल्या 3 तासांतच द्यायचं असतं, जितकं लवकर तितकं बरं. उशीर झाला तर उलट अपायाची भीती. मग तुम्ही विचारलंत, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो का, कशाची ॲलर्जी, शेवटचं कधी खाल्लं. मी "सलाइन लावा, सलाइन लावा" करत होतो. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं होतं, प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त गाळणारा अवयव, फाटली होती, आणि तुम्ही ओ निगेटिव्ह रक्ताच्या पिशव्या मागवल्या होत्या, गट न तपासता देता येणाऱ्या. त्यांच्याबरोबर प्लाझ्मा आणि प्लेटलेट, रक्त गोठायला मदत करणारे रक्तातलेच घटक. नुसत्या सलाइनने उरलेलं रक्तही पातळ झालं असतं.

आणि ते पांघरूण! अंगावरचे सगळे कपडे कापायचे आणि लगेच गरम हवेचं पांघरूण घालायचं, रक्तसुद्धा कोमट करून चढवायचं, हा काय प्रकार? आपण म्हणतो थंडीने गोठतं. इथे उलटं. शरीर थंड पडलं की रक्त गोठेनासं होतं आणि माणूस वाहतच राहतो. ते पांघरूण खांद्यावरून सरकलं तेव्हा त्या रात्रीत पहिल्यांदा तुमचे हात सुटले. तुम्ही पुढे वाकून ते वर ओढलंत आणि परत घडी घातलीत. त्या एका हालचालीसाठी तुमचे आभार कसे मानू, कळत नाही.

त्याची प्लीहा काढावी लागली. पायात सळई आहे, काठी घेऊन चालतो, कुरकुरतो. पुढच्या तपासणीला आलो की तुमच्या विभागाच्या दाराशी डोकावू. तुमचा चेहरा त्याला आठवत नाही. आठवतो फक्त एका बाईंचा आवाज, दर काही मिनिटांनी "डोळे उघड, नाव सांग" म्हणणारा. तेवढं एकदा विचारा त्याला, डॉक्टर. लगेच ओळखेल.

त्याचा मोठा भाऊ
(दारातून ओरडणारा)