सीड्या गॅलरीत टांगायच्या आधी एकदा बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर मजकूर होता, त्यात घरातल्या जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून गॅलरीत टांगा म्हणजे कबुतरं येत नाहीत असं दिलं होतं. उपाय लागू पडतो, आमच्या सोसायटीत निम्म्या गॅलऱ्यांत सीड्या लटकतायत. पण परवा वरच्या मजल्यावर गेलो तर काकूंच्या गॅलरीत उन्हात चमकणाऱ्या त्या माळेत एज ऑफ एम्पायर्स या कॉम्प्युटर गेमची ओरिजिनल सीडी दिसली, १९९७ ची, पहिली, मधल्या भोकातून सुतळी ओवलेली, आणि मला खरंच वाईट वाटलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अरे ती आता कुठे चालते, मुलाने लॅपटॉपवर लावून बघितली की." हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय त्याची गणतीच नाही, आणि ते बरोबर नाहीये म्हणून हे पत्र लिहितोय. मी २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे हे ऐकीव नाही, हाताने केलेलं सांगतोय.

पहिली गोष्ट म्हणजे गेम खराब झालेली नसते. सीडीवर फार ओरखडे नसतील तर आतलं सगळं जसंच्या तसं असतं, बदललंय ते खालचं मशीन. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या, काळातल्या गेम्स बहुतेक १६ बिटच्या, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या भाषेतल्या, आणि ६४ बिटचं विंडोज १६ बिटचा प्रोग्राम घेतच नाही, विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे डबल क्लिक केलं की एक मेसेज येतो आणि माणूस म्हणतो गेली गेम. त्याच्यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्स, फुकट मिळतं, २००२ पासून आहे, ते तुमच्या लॅपटॉपच्या आत एक अख्खा जुना कॉम्प्युटर उभा करतं, प्रोसेसर, साउंड कार्ड, सगळं. आणि गंमत वाटेल पण आपल्याकडच्या हजारो मुलांच्या लॅपटॉपवर ते आधीच असतं, कारण कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना टर्बो सी या जुन्या प्रोग्रामची ती निळी स्क्रीन लागते आणि नव्या विंडोजवर ती डॉसबॉक्समधूनच चालते. ज्या पोराने प्रॅक्टिकलसाठी टर्बो सी टाकलंय त्याला वडलांच्या काळातली डेव्ह किंवा डिगर ही गेम चालवायला वेगळं काहीच लागत नाही, गेमचं फोल्डर माउंट करायचं, म्हणजे डॉसबॉक्सला जोडून द्यायचं, आणि नाव टाइप करायचं, बस.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. गेम सुरू होणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं, आणि बहुतेक लोक इथेच कंटाळतात. मे महिन्यात भाचा आला होता, त्याला प्रिन्स ऑफ पर्शिया ही राजपुत्राची जुनी गेम लावून दिली, स्क्रीनभर. दोन मिनिटांत म्हणतो, "मामा, हा एवढा जाडा का दिसतोय?" आणि पोरगं बरोबर होतं! ती गेम ३२० बाय २०० ठिपक्यांची, पण त्या काळचा मॉनिटर ४:३ चा, त्यामुळे त्या २०० ओळी ताणून २४० एवढ्या जागेत दिसायच्या, म्हणजे प्रत्येक ठिपका चौकोनी नव्हता, थोडा उभट होता. ज्याने चित्र काढलं त्याने ते तसं दिसणार हे धरूनच काढलं. आपण ते आजच्या रुंद स्क्रीनवर तसंच पसरून टाकतो आणि राजपुत्र बुटका होतो. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अ‍ॅस्पेक्ट नावाची एक ओळ आहे, ती ट्रू करायची, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात पण माणूस माणसासारखा दिसतो. आता जे डॉसबॉक्स स्टेजिंग मिळतं त्यात हे आपोआप होतं, नवीन माणसाने तेच घ्यावं असं माझं मत आहे.

दुसरा मुद्दा वेगाचा. जुन्या कितीतरी गेम्समध्ये वेळ मोजायला घड्याळ नव्हतं, प्रोग्राम जितक्या वेगाने पळेल तितक्या वेगाने गेम पळायची, कारण लिहिणाऱ्यासमोर एकच मशीन होतं, ४.७७ मेगाहर्ट्झ एवढ्या मंद वेगाचं. ३८६, ४८६ या जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर टर्बो लिहिलेलं बटण असायचं आठवतंय का, ते बहुतेक लोकांना वाटायचं वेग वाढवायला आहे, त्याचा खरा उपयोग मशीन हळू करून असल्या जुन्या गोष्टी चालवायला व्हायचा. डॉसबॉक्समध्ये त्या बटणाचं काम सायकल्स नावाचा आकडा करतो, तो जितका कमी तितकं मशीन हळू. आपोआप सेटिंगवर डॉसच्या साध्या गेमला ३००० मिळतात, ते प्रिन्ससारख्या गेमला ठीक आहे, पण अगदी सुरुवातीच्या गेम्सना ३०० च्या आसपास आणावं लागतं. कंट्रोल दाबून एफ ११ ने कमी, एफ १२ ने जास्त, लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएन पण सोबत धरावं लागतं, हे न कळल्यामुळे लोक म्हणतात बटण चालत नाही. हळूहळू कमी करत जायचं आणि हाताला जुना वेग लागला की थांबायचं. मी डिगर लावली तेव्हा तो वेग बोटांनी ओळखला, डोळ्यांनी नाही.

वेगामुळे काय होतं याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेचं. त्यात लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरू होतानाच एक मोजणी करायचे, ५५ मिलिसेकंदात मशीन किती फेऱ्या मारतं ते मोजून त्याला ५५ ने भागायचे. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासची पेंटियम आली आणि भागाकार एवढा मोठा यायला लागला की त्याला ठेवलेल्या जागेत मावेना, मग रनटाइम एरर २०० येऊन प्रोग्राम जागच्या जागी बंद. चूक कोणाची म्हणणार, मशीन इतकं जोरात पळेल असं लिहिताना कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

विंडोजच्या गेम्सची दुखणी वेगळी. एज ऑफ एम्पायर्ससारख्या २५६ रंगांच्या गेम्समध्ये विंडोज ७ वर गवत जांभळं आणि पाणी भलत्याच रंगाचं व्हायचं, त्याला गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची एक छोटी फाइल मिळते, डीजीवूडू किंवा सीएनसी-डीड्रॉ, ती जुन्या ग्राफिक्सची भाषा नव्या कार्डाला समजेल अशी करून देते. काहींची गेम ३२ बिटची असते पण सेटअप, म्हणजे गेम बसवणारा प्रोग्राम, १६ बिटचा, म्हणजे गेम चालली असती पण आत शिरायचं दारच बंद. जीटीए सॅन अँड्रियाससारख्या गेममध्ये फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याची मर्यादा, बंद केला की पोहणं, गाड्या सगळंच बिघडतं, तेव्हा तो चालूच ठेवा, जास्त फ्रेम म्हणजे चांगलं असं इथे नाही.

आणि कॉपी प्रोटेक्शन. २००० च्या आसपास कितीतरी सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं, त्याचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० मधून काढला गेला आणि जुन्या विंडोजवरही अपडेटने बंद झाला. कारण पटण्यासारखं आहे, पण ज्याने दुकानात पैसे मोजून खरी सीडी घेतली त्याचीच चालत नाही आणि ज्याने फुटपाथवरची घेतली त्याची चालते, हे मला आजपर्यंत पचलेलं नाही. अशा वेळी गॉगसारख्या साइटवर तीच गेम कुलपाशिवाय विकत मिळते का ते आधी बघावं, ते लोक २००८ पासून जुन्या गेम्स आजच्या मशीनवर चालतील अशा करून विकतायत. पण सगळं विकत मिळत नाही हेही खरं आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. म्हणजे त्या उरल्यात त्या लोकांच्या कपाटात आणि माळ्यावर, म्हणूनच मी एवढं कळकळीने लिहितोय.

प्रिन्स ऑफ पर्शियाचंच बघा. जॉर्डन मेक्नरने ती १९८९ मध्ये अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर केली आणि तिचा मूळ सोर्स कोड, म्हणजे ज्या ओळी लिहून गेम बनते त्या, हरवला असंच तो धरून चालला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडलांनी घरात सापडलेला एक खोका त्याला पाठवला, त्यात त्या फ्लॉप्या निघाल्या, जाणकारांनी जुनं मशीन जोडून त्या वाचल्या आणि कोड सगळ्या जगासाठी खुला झाला. त्या वडलांनी साफसफाईत तो खोका भंगारात दिला असता तर?

संपादकसाहेब, तुमच्या ऑफिसातही हे दुखणं असणार. युनिकोडच्या आधी श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या फॉन्टमध्ये लावलेली पानं आज नुसती उघडली तर अक्षरांऐवजी भलतंच काहीतरी दिसतं, मजकूर आहे पण वाचता येत नाही. गेमचंही अगदी तसंच आहे.

घरी सीडी असेल तर आधी तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, करून हार्ड डिस्कवर ठेवा, नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो तर यूएसबीचा एखाद्याकडून मागून घ्या. एक लक्षात ठेवा, काही सीड्यांवर गाणी वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर असतात, क्वेक गेमची आहे तशी, तिची साधी आयएसओ, म्हणजे एकाच फाइलची इमेज, केली तर संगीत येतच नाही, बिन आणि क्यू अशा दोन फाइली करायच्या. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत असणाऱ्याला स्वतःसाठी बॅकअप ठेवायची मुभा आहे, पण ती वाटत फिरायची नाही.

काकूंकडून ती सीडी मी मागून घेतली आणि बदल्यात माझ्याकडच्या दोन खराब सीड्या दिल्या. साबणाच्या पाण्याने धुतली, मधून बाहेर असं मऊ फडक्याने पुसली, गोल गोल नाही. एका ठिकाणी ड्राइव्ह बराच वेळ अडून बसला पण शेवटी पूर्ण कॉपी झाली, डीड्रॉची फाइल टाकली आणि गवत हिरवं आलं. शनिवारी काकूंचा मुलगा पुण्याहून येणार आहे, त्याच्या लॅपटॉपवर टाकून देतो म्हणून सांगितलंय.

पुढच्या पुरवणीत जमलं तर त्या सल्ल्याखाली एवढी एक ओळ टाका, टांगायच्या आधी सीडीवरचं नाव वाचा.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सांगली